फोटोपुरती सूचना

हेमराज सरांनी आयुष्यात एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल असं वाटत नाही, पण फोटो मात्र ते चारही कोपऱ्यांपर्यंत बघतात. बॅनर पूर्ण आलं का, पाहुण्यांच्या मागे पंख्याचं पातं तर आलं नाही ना, खाली नकाशा आणि तारीख उमटली का. फोटोतली माणसं काय करताहेत हे बघायची गरज त्यांना कधी पडली नाही.

सर राहतात धुळ्याला, नोकरी जळगावच्या एका कॉलेजात. रोजचं अपडाऊन. पाच वाजता चौघांची गाडी निघते, म्हणून साडेचारलाच सरांचा रिकामा डबा पिशवीत आणि पिशवी मांडीवर. चार वर्षांची ऑनर्स पदवी सुरू झाली आणि प्रत्येक कॉलेजात एक 'ऑनर्स कक्ष' असावा असं वरून आलं, तेव्हा काम न करता काम झालेलं दाखवू शकेल असा माणूस हवा होता. तसे स्टाफरूममध्ये पुष्कळ होते. पण हेमराज सरांनी नुकताच भारीतला फोन घेतला होता. सर समन्वयक झाले.

श्रमदानाची फावडी-घमेली ठेवायची एक खोली होती. तिच्यावर पाटी लागली : 'ऑनर्स कक्ष, संधींचे प्रवेशद्वार'. पाटीचा फोटो झाला. दाराला पुन्हा कुलूप बसलं, कारण फावडी अजून आतच होती.

चौथ्या वर्षाला पोरं उरली सात. बाकीची तीन वर्षांत पदवी घेऊन आपापल्या वाटेला लागली होती. या सात जणांसाठी वर्षभरात कार्यशाळा, व्याख्यानं, मान्यवरांशी संवाद, संशोधन सप्ताह, संधी मेळावा असं बठ्ठं, म्हणजे सगळं, झालं आणि प्रत्येक गोष्ट दहा मिनिटांत आटोपली. सर तीन-तीन कार्यक्रम एकाच दुपारी उरकायचे. तारीख पाहिजे ती टाकता येते असं काहीतरी त्यांच्या फोनमध्ये होतं. पोरांच्या ग्रुपवर आदल्या दिवशी निरोप यायचा : 'उद्या मुलींनी दोन ओढण्या जास्त आणाव्यात. मुलांनी शर्ट.' ऑनर्सच्या विद्यार्थ्यांनी संशोधन काय केलं ते विचारू नका, पण दीड मिनिटात शर्ट बदलायला ती शिकली.

या सातांत एक नूतन. यावलजवळच्या खेड्यातून एसटीने यायची, विषय वनस्पतिशास्त्र. तिच्या घरची केळी दोन वर्षांपूर्वी रोगाने गेली होती. पानांवर पिवळ्या रेघा उमटल्या, मधला कोवळा पोगा सडला आणि अख्खा मळा उपटून बांधावर टाकावा लागला. नूतनने तेव्हा कोणती ओळ आधी पिवळी पडली, कोणती नंतर, हे वहीत लिहून ठेवलं होतं. रोग रोपांतूनच आला की मावा किडीने पसरवला, हा तिच्या चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाचा प्रश्न. त्यासाठी प्रयोगशाळा हवी. कॉलेजात एक चांगला सूक्ष्मदर्शक होता, काचेच्या कपाटात, हारासकट. त्याचं उद्घाटन झालं होतं, वापर व्हायचा होता.

नूतनचं अक्षर बरं आणि टायपिंग चांगलं, म्हणून सरांनी अहवालाचं काम तिच्या गळ्यात घातलं. ते फोटो पाठवायचे, तिने खाली ओळी लिहायच्या. "विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद, असं टाक सगळीकडे," सर म्हणायचे. "प्रत्येक वेळी वेगळं काय लिहीत बसतेस?"

एका बुधवारी ती अशीच ओळी टाकत बसली होती. चौदावा फोटो सूचनाफलकाचा होता. फलकावर एकच कागद. तिने सवयीने फोटो मोठा केला आणि वाचत गेली. पुण्यातली एक संशोधन संस्था, उन्हाळ्याचे दोन महिने, ऑनर्सच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत काम, विषय केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांतले विषाणू. प्रत्येक कॉलेजातून एक नाव, समन्वयकाच्या सहीने. शेवटची वेळ : शुक्रवार, सायंकाळी पाच.

ती धावत फलकाकडे गेली. फलक कोरा. चार टाचण्या तेवढ्या खोचलेल्या.

शिपाई चुडामणभाऊ तिथेच स्टुलावर होते. धरणगावकडचे, तीस वर्षांची नोकरी. तिने विचारलं तर त्यांना ती भलतंच विचारते आहे असं वाटलं.

"तो कागद? त्याले तीन आठवडा व्हयी ग्यात माय. मी लायी दिन्हा, सरनी फोटू काढी लिन्हा, मंग मी उतारी टाका."

"कितीक वेळ होता भाऊ?"

"फोटू निंघेलोंग." चुडामणभाऊ टाचण्या मोजत म्हणाले, "बठ्ठा कागदंस्नं तसंच शे. फलक साफ र्‍हायना पाहिजे, असं सरनं म्हननं शे. कमिटी येस ना."

वर्षभर संधी त्या फलकावर येत होत्या आणि एका फोटोइतक्या टिकून परत कपाटात जात होत्या. सूचना प्रसिद्ध केल्याचा पुरावा सरांकडे होता. पोरांनी ती वाचल्याचा पुरावा कोणी मागितला नव्हता, मग ती वाचावी तरी कशाला?

गुरुवारी नूतन सरांपुढे उभी राहिली. सर डब्यातली भेंडी संपवत होते.

"सर, पुण्याच्या संस्थेसाठी माझं नाव पाठवा ना. उद्या शेवटचा दिवस आहे."

"अगं, ते तर मी निरंक टाईप करून ठेवलंय. कोणी अर्जच केला नाही."

"सर, सूचना कोणी बघितलीच नाही."

"लावली होती. फोटो आहे." सरांनी खरोखरच फोन उघडून तो फोटो तिला दाखवला. "हे बघ, तारीख. वेळ. आता तुम्ही पोरं फलक वाचत नाही, त्याला मी काय करू?"

नूतन तिथून हलली नाही. मग सर मवाळ झाले, म्हणजे त्यांनी दुसरी अडचण काढली. "हे बघ, तुझं नाव पाठवलं की दर पंधरा दिवसांनी प्रगतीचा कागद. पत्रव्यवहार. त्यात मुलगी दोन महिने बाहेरगावी, जबाबदारी कोणाची? निरंकला काहीच लागत नाही. आधी पालकांचं संमतिपत्र आण, मग बघू."

त्यांना वाटलं, यावलकडची पोरगी, घरचे हो-नाही करतील, शुक्रवार निघून जाईल. त्यांना कुंदाबाई माहीत नव्हत्या. नूतनच्या आईने दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरच संमतिपत्रावर सही ठोकली. "जाय पुन्याले. अठी नुस्ते पानं मोजून काय होनार हाये?"

नूतन पहिल्या एसटीने आली. संमतिपत्र, अर्ज, वहीची छायाप्रत, सगळं तयार. सर म्हणाले, "आधी कार्यक्रम होऊ दे, मग सही."

शुक्रवारी तीन कार्यक्रम होते. प्रमुख पाहुणे तिन्हींना एकच, जीवराम नाना. अंमळनेरच्या बाजारपेठेत उभी हयात गेलेले, आता निवृत्त, ऑफिसातल्या कोणाचे तरी मेहुणे. त्यांना तीन वेगवेगळी जाकिटं आणायला सांगितलं होतं. पहिल्या फोटोत नाना उद्योजक, दुसऱ्यात पर्यावरणप्रेमी, तिसऱ्यात ज्येष्ठ संशोधक. पहिल्या कार्यक्रमात त्यांना शाल पांघरली, फोटो झाला, चुडामणभाऊंनी शाल काढून घडी घातली. दुसऱ्यात तीच शाल पुन्हा. नाना चिडले होते. त्यात चहा दाखवून ठेवला होता, द्यायचा मात्र शेवटी होता.

चार वाजून दहा मिनिटांनी तिसरं बॅनर टांगलं गेलं : 'नवसंशोधकांसाठी संधी'. सरांनी फोन वर धरला. चौकटीत सहाच पोरं दिसत होती.

"नूतन, बस ना. मधली जागा रिकामी दिसतेय."

"सही द्या सर. मग बसते."

"पाच मिनिटांचं काम आहे. नंतर देतो म्हटलं ना."

"नंतर तुमची गाडी जाते सर."

सरांचा चेहरा पडला, कारण ते खरं होतं. "बाकीचे नीट बसा," ते ओरडले. "सहा तर सहा."

तेवढ्यात अंमळनेरची मोनाली उठली. वर्गातली सगळ्यात टारगट पोरगी. "सर, आमले बी पानी पिवानं शे." ती उठली तसे बाकीचे पाचही उठले. सहा जणांना एकदम तहान लागल्याचं कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं. खुर्च्या रिकाम्या, बॅनरखाली एकटे नाना, अंगावर तिसरं जाकीट. ज्येष्ठ संशोधक आणि समोर कोणीच नाही! असला फोटो अहवालात कसा जाणार?

"ओ मास्तर," नाना म्हणाले, "पोरनं काय काम शे ते करी टाका ना. चहा थंडा व्हयी राह्यना."

"नाना, नियम असतात हो."

"कसाना नियम? माले शाल देतस आनि फोटू निंघना का काढी लेतस. तिले सही द्या. ती तरी परत लेता येवाव नही."

चुडामणभाऊ शालीत तोंड खुपसून हसले. सरांनी घड्याळ बघितलं. चार पंचवीस. ऑफिसातून शिक्का आणायला सांगितलं. पोरीच्या भवितव्याचा विचार त्यांच्या मनात आला असं कोणी म्हणू नये. त्यांना पाचची गाडी गाठायची होती. त्यांनी अर्ज न वाचता सही केली आणि कागद तिच्या हातात देता देता थबकले.

"थांब, थांब. सही करतानाचा एक फोटो हवा."

मग सरांनी पेन पुन्हा कागदावर टेकवला, मोनालीने फोटो काढला आणि नूतनने तो कागद चार बावन्नला पुण्याला पाठवला. मधल्या वेळात ती दिलेल्या शब्दाप्रमाणे मधल्या खुर्चीवर बसून तिसऱ्या फोटोत आलीही होती.

निवड झाली. मे महिन्यात नूतन पुण्याला गेली. ती गेल्यावर सरांच्या लक्षात आलं की तिचा सत्कार राहिला. 'समन्वयकांच्या अथक प्रयत्नांनी विद्यार्थिनीला राष्ट्रीय स्तरावरील संधी' असं बॅनर छापून आलं होतं, गुच्छ आला होता, आणि पोरगी नाही. सर डगमगले नाहीत. त्यांनी मोनालीला नूतनसारखी वेणी घालायला लावली, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं आणि तिच्या हातात गुच्छ दिला. सरांचा चेहरा मात्र पूर्ण आला, हसरा.

फोटो सवयीप्रमाणे नूतनला गेला. 'खाली दोन ओळी लिहून पाठव. आज अहवाल छापायला द्यायचाय.'

नूतन प्रयोगशाळेत होती. हातमोजे काढून तिने स्वतःचा सत्कार मोठा करून बघितला आणि ओळी लिहून पाठवल्या :

'छायाचित्रात पाठमोरी : मोनाली. नूतन पुण्यात आहे, तिचा सत्कार झालेला नाही. पुण्याच्या संधीची सूचना फलकावर फोटोपुरती लावून लगेच काढली होती.'

अहवाल छापून आला, पान त्रेसष्टवर त्या ओळी जशाच्या तशा. तपासणीची समिती आली, जेवली, अहवालातले फोटो मोजले. एकशे बारा भरले. अध्यक्षांनी सरांचं कौतुक केलं. पान त्रेसष्ट तिथे कोणीही वाचलं नाही, सरांनी तर नाहीच. त्यांनी समितीबरोबरचा फोटो चारही कोपऱ्यांपर्यंत तपासला आणि पिशवी उचलून पाचच्या गाडीकडे निघाले.