वाकडे तीन खांब

क्लॅरी मॅडर्न कुंपणं घालायचा. ऑरोरू गावाच्या उत्तरेला माणसं मोजकी आणि मेंढ्या उदंड. तिथली निम्मी कुंपणं त्याच्या हातची. बायको मॅव्हिस दूरवर खांब धरून उभी राहायची. हा पहिल्या खांबाशी गुडघे टेकायचा, डावा डोळा मिटायचा आणि ओरडायचा, "तुझ्याकडे घे! अगं, वीतभर नको, केसभर!" पुढचे सगळे खांब पहिल्याआड लपले की मगच तो उठायचा. चाळीस वर्षांत एकाही खांबानं डोकं बाहेर काढलं नाही, आणि ही बढाई त्यानं गावाला चाळीस वर्षं ऐकवली.

उन्हातला माणूस, म्हणून दर मार्चमध्ये गावचा डॉक्टर त्याची कातडी मानेपासून टाचेपर्यंत तपासायचा आणि कानांवरचे डाग गोठवून काढायचा. "मेंढीलासुद्धा कुणी इतकं उलटंपालटं करत नाही," क्लॅरी म्हणायचा. डोळ्याच्या आत डोकावायचं कुणाच्याच मनात आलं नाही. दुखत काहीच नव्हतं ना!

एका वादळी सकाळी त्याच्या उजव्या डोळ्यात तारेचा कण गेला.

"उद्या करू," मॅव्हिस म्हणाली.

"दुसरा डोळा काय शोभेला आहे?" असं म्हणून त्यानं जन्मात पहिल्यांदा डाव्या डोळ्यानं रेषा धरली. मधले तीन खांब त्याला वाकडे दिसले. ते त्यानं सरकवून घेतले, माती ठोकून पक्के केले.

दुपारी उजवा डोळा निवळला. बघतो तर तेच तीन खांब रांगेबाहेर!

"धरलेस कुठे गं तू?"

"तू ओरडलास तिथेच! माझ्यावर कशाला खेकसतोस?"

त्यानं एक डोळा मिटला, मग दुसरा. पुन्हा एकदा. मग तो मातीतच बसला. "चूक तुझी नाही गं," तो म्हणाला. हे वाक्य मॅव्हिसनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

ॲडलेडच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. डोळ्याच्या आत, पडद्याच्या मागे रंगाचा एक थर असतो. तिथं कातडीवरच्या तिळासारखा तीळ होता. तो कर्करोगाचा झाला, घुमटासारखा फुगला, वरचा पातळ थर फोडून अळंबीसारखा पुढे आला. त्यानं पडदा उचलला, म्हणून सरळ ते वाकडं दिसलं.

"पोरी, कधीपासून आहे हे?" क्लॅरीनं विचारलं.

"काही वर्षं तरी असेल. तुम्ही तो डोळा एकटा कधी वापरलाच नाहीत, क्लॅरी."

डोळा काढला. पण हा रोग इतर कर्करोगांसारखा मानेतल्या-काखेतल्या गाठींतून वाट काढत बसत नाही, रक्तातून थेट यकृत गाठतो, आणि कधीकधी वर्षानुवर्षं गप्प राहतो. क्लॅरीच्या बाबतीत तीन वर्षं गप्प राहिला. मग त्याचं पोट फुगलं, अन्न जाईना.

अंथरुणाला खिळल्यावर त्याला एकच ध्यास लागला. "ते तीन खांब सरळ कर, म्हातारे. लोक म्हणतील, मॅडर्ननं असं कुंपण घातलं."

मॅव्हिस पहार घेऊन गेली. पहिल्या खांबाशी गुडघे टेकले, डावा डोळा मिटला. तीन डोकी बाहेर डोकावत होती. ती वाकडी नसती तर ही तीन वर्षंसुद्धा मिळाली नसती. तिचा हात पहारीला लागेना. बराच वेळ ती तिथेच रडत बसली.

"केले?" घरी आल्यावर त्यानं विचारलं.

"केले. केसभरही फरक नाही."

"हात दाखव."

त्यानं तिचा तळवा उरलेल्या डोळ्याजवळ नेला. ना फोड, ना नखांत माती. मॅव्हिसनं मान खाली घातली.

"राहू देत," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत माझी एकच चूक हाती लागली तुझ्या. ती कशी सोडशील तू!"

आणि हात मात्र त्यानं सोडला नाही.