थंड लागतंय का?

आमच्या घरात दुखणं ही आनंदाची बातमी असते. नवरा दातांचा डॉक्टर. थंड पाण्याने क्षणभर कळ यावी आणि जावी, एवढ्यावर ह्यांचा चेहरा खुलतो. म्हणजे दात जिवंत! काहीच लागेनासं झालं, की आतली नस मेली म्हणून सुतक.

दात खोल किडून नस उघडी पडली, की बाकीचे डॉक्टर ती काढून मोकळे होतात. आमचे साहेब तिच्यावर लेप लावून तिला वाचवणार. लेप दोन: जुनी पांढरी पेस्ट आणि नवं सिमेंट. मुलीला आलेल्या दोन स्थळांची करावी तशी त्यांची चर्चा रोज जेवताना. शेवटी ह्यांनी तुलनाच मांडली. पेशंटला विचारून नाणं उडवायचं. छापा आला तर पेस्ट, काटा आला तर सिमेंट. "दोन्ही सारखेच धरायचे. आपण कोण ठरवणारे?" काय ती समता! पहिला छापा आला समोरच्या शिंप्याला.

माझी दाढ केव्हापासून कुरकुरत होती, पण दिव्याखाली अंधार! उजवीकडे चावायला तेवढी एकच उरलेली. ती गेली की जन्मभर एका बाजूने चघळत बसा. एकदाची खुर्चीत बसले. ह्यांनी कीड कोरली आणि थबकले. नस उघडी.

"उडवा नाणं," मी म्हटलं. मीही जगाच्या बरोबरीचीच, नाही का?

छापा आला. हे नाण्याकडे बघत राहिले आणि गुपचूप सिमेंटची पुडी फोडली. माझ्या तोंडात कापसाचे बोळे, बोलणार काय? आणि खोटं कशाला सांगू, मी सुखावलेही.

काही महिन्यांनी ह्यांनी दाढेला गार बोळा लावला.

"आई गं!"

"वा! जिवंत आहे!" नाचायचेच बाकी होते.

"दोन्ही सारखेच होते ना?" मी विचारलं. "मग छापा तर शिंप्यालाही आला होता, त्याला का नाही लावलंत सिमेंट?"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. तसेच उठून शिंप्याच्या दुकानात गेले. मी मागोमाग.

"थंड लागतंय का हो दाढेला?"

शिंप्याने मशीन थांबवून ह्यांचे दोन्ही हात धरले. "अजिबात नाही, डॉक्टर! बर्फ चावतो आता. तुमच्या हाताला गुण आहे!"

ह्यांनी मान खाली घातली. शिंप्याला वाटलं, डॉक्टर लाजले.