मर्यादेबाहेर गेलं तरच

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटरचं बघतो आणि दादा, माझा मोठा भाऊ, रिअॅक्टरवर ऑपरेटर आहे. पेणच्या रामवाडीतून आम्ही एकाच मोटरसायकलवर शिफ्टला जातो. कंट्रोल रूममधला तापमान बघणारा प्रोग्राम मीच लिहिलेला. त्यात अट साधी होती: तापमान मर्यादेबाहेर गेलं तरच घंटा वाजवायची, नाहीतर गप्प बसायचं. कुत्रंसुद्धा चोर आल्यावरच भुंकतं, तेवढीच त्यातली अक्कल.

मी गणपतीच्या सुट्टीवर असताना आमच्या प्लँटच्या साहेबाने बाहेरचा माणूस आणून ती अट मोडली. आता सगळं ठीक असतानाही तीच घंटा थोड्या थोड्या वेळाने वाजायची, आणि ऑपरेटरने बटण दाबून ती बंद करायची. म्हणजे माणूस झोपला नाही हे साहेबाला केबिनमध्ये कळणार. मी परत आल्यावर कडाकडा भांडलो. आग लागली तरी टिंग, नाही लागली तरी टिंग, मग ओळखायचं कशावरून, असं विचारलं. स्क्रीनवर लाल दिसतं की, असं म्हणून त्याने चहा मागवला. मला तेव्हाच त्याचा गळा धरावासा वाटला होता.

महिनाभरात सगळ्यांचे हात सवयीने बटणावर जायला लागले. मान वर न करता, तोंडात घास असताना.

त्या दुपारी घंटा वाजली, दादाने बटण दाबलं आणि सॅम्पल काढायला तो रिअॅक्टरपाशी गेला. या वेळची घंटा खरी होती; आतल्या दाबाने झाकणाची रबरी गास्केट फाटली. उकळतं द्रावण त्याच्या मानेवर, खांद्यावर, उजव्या हातावर आलं. मी पोचलो तेव्हा सेफ्टी शॉवरखाली त्याच्या हाताची कातडी शर्टाच्या बाहीबरोबर सुटत होती. तो ओरडत नव्हता.

"मीच दाबलं रे," एवढंच म्हणाला. "घंटा झालेली, मीच दाबलं."

गाडी त्याला घेऊन गेली आणि मी केबिनमध्ये शिरलो. साहेब फोनवर कुणाला तरी ऑपरेटरची चूक म्हणून सांगत होता. मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. मग तिथला घंटेचा स्पीकर उचलून भिंतीवर आपटला, त्याचे तुकडे होईपर्यंत आपटत राहिलो. चौघांनी मला धरलं नसतं तर पुढचा नंबर साहेबाच्या डोक्याचा होता. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. माझी नोकरी जाणारच होती, पण सगळी शिफ्ट गेटवर बसली तेव्हा साहेबाची बदली झाली आणि मी राहिलो.

दादा कामावर परतला तो आखडलेली बोटं घेऊन. मी जुनी अट परत घातली होती, फक्त आवाज ठरत नव्हता. घंटा कुणालाच नको होती. शेवटी दादाच म्हणाला, "माझा घे." माइकपुढे उभा राहून तो पोटातून ओरडला, "पळा रे, फुटतंय!" त्या दिवशी न ओरडलेलं सगळं त्यात होतं.

मग चाचणी. आता वाजवतोय, रिअॅक्टर बंदच हाय, असं मी दादाला सांगितलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा होता, व्हय म्हणाला. मी मर्यादेबाहेरचा आकडा घातला. स्पीकरमधून त्याचाच आवाज आला आणि मी हसत मागे वळलो, तर दादा तिथे नव्हता. दार उघडं होतं, बाहेर काढून ठेवलेले त्याचे बूट तसेच होते. तो अनवाणी गेटच्या दिशेने पळत सुटला होता.