उंदीरमामांचे पाणी

उंदीरमामा प्राणिघरात शिरण्याआधी दारावर टकटक करत. आत पिंजऱ्यांतले पांढरे उंदीर, बाकी कोणी नाही. मी नवी होते तेव्हा मला हसू आवरले नव्हते. "एखादं झोपलेलं असतं ताई," ते म्हणाले, "उगं दचकवायचं कशाला?" प्रयोगशाळेत त्यांना खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नसे, आणि त्याचे त्यांना काही वाटतही नसे.

मामा मूळचे देवगाव रंगारीचे. शहर पडेगावापर्यंत पसरले तेव्हा तिथे दोन खोल्या बांधून राहिले. उंदरांचे दाणापाणी त्यांच्याकडे. शिक्षण सातवी, पण उंदराच्या केसांवरून त्याची तब्येत सांगण्यात आमच्यापैकी कोणालाही त्यांची सर नव्हती.

मी मूत्रपिंडावर काम करत होते. मूत्रपिंडाला इजा झाली की ती भरून काढण्याचा हुकूम एका जनुकाकडून सुटतो. तो थांबतच नाही, आणि चांगल्या जागी वण साचत जातात. आम्ही उंदरांच्या मूत्रपिंडांना मुद्दाम इजा करून त्या जनुकाला गप्प करणारे औषध अर्ध्यांना टोचत होतो, उरलेल्यांना नुसते सलाइन. वण कमी पडतात का, एवढेच पाहायचे होते. मामांना हे सांगितले तर म्हणाले, "म्हंजे मुकादमाचा निरोप गड्यापर्यंत जाऊच द्यायचा नाय." दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याला ते हेच समजावत होते, माझ्यापेक्षा बरे.

ते दुष्काळाचे वर्ष. टँकर दोन दिवसांआड येई, पाणी मचूळ. मामा दर रविवारी गावाकडच्या विहिरीचे पाणी कॅनमध्ये भरून एसटीने आणत, मामींसाठी. मामींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिस चालू होते आणि पाणी मोजूनच. "दिवसाला तीन पेले मिळत्यात हिला," मामा सांगत, "ते तरी गोड असावेत."

प्रयोग संपला. औषध दिलेल्यांची मूत्रपिंडे खरोखरच चांगली निघाली. मी पेढे आणले. मामांनी पेढा नुसताच हातात धरला. "ताई, काहींना दुसरं पाणी दिलेलं चालतं का?"

औषध कोणाला मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते. पण जे उंदीर आजारी दिसत, त्यांना टँकरचे पाणी जात नव्हते; म्हणून त्यांच्या बाटल्यांत मामा घरच्या कॅनमधले विहिरीचे पाणी आणून ओतत होते. आजारी दिसणारे म्हणजे नेमके औषध न मिळालेले. विहिरीचे पाणी चवीला गोड, पण त्यात कोणते क्षार होते कोणास ठाऊक; आता फरक औषधाने पडला की पाण्याने, हे कोण सांगणार? वर्षभराच्या कामावर बोळा फिरला. मी संतापून त्यांना अडाणी म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला. त्याची लाज मला अजून वाटते.

मामा शांतपणे म्हणाले, "सांगितलं नसतं तर तुमाला कळलं नसतं. पन उद्या हेच औषध कुनाच्या तरी घरात जानार. ते खरं पायजे."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला मामांनी सगळ्या बाटल्या एकाच पिंपातून भरल्या. एखादा उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसला की ते पिंजऱ्यासमोर उकिडवे बसत. "पी बाबा, हाय तसं पी," म्हणत आणि उठून जात. याच काळात मामी गेल्या. तेरावा उरकून मामा कामावर आले.

निकाल पुन्हा तोच आला. मी मामांना सूक्ष्मदर्शकाशी बसवले. मूत्रपिंडाच्या रंग दिलेल्या पातळ कापात वण निळे दिसतात. औषध न मिळालेल्या उंदराचा काप ते बराच वेळ पाहत राहिले. "हिचंबी असंच झालं असंल," म्हणाले. मग मी दुसरी काच लावली. तिथे निळे अगदी तुरळक होते.

"मामा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते..."

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी डोळे पुसले. "ताई, दवाखान्यात हिच्या शेजारच्या खाटेवर एक पोरगी असती. मी अजून जातो तिला भेटाया. तिला मिळंल का हे?"

"गेलेली किडनी याने परत येत नाही, मामा. आणि हे अजून उंदरातच झालंय. माणसाला किती वर्षं लागतील, मला माहीत नाही."

"मंग तिला तसंच सांगतो," मामा म्हणाले. "ती लई विचारती."

पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. मी अजून त्याच कामात आहे. कोणाच्या घरी किडनीचा रोगी असतो, ते विचारतात, हे औषध कधी येणार? 'लवकरच' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.