जिजीनं ते हसत हसत सोडलं नव्हतं

जिजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुक्षीच्या तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी बाकावर बसलो होतो. देवासहून तिचे शेजारी शर्माजी बोलत होते. "दिगू भिया, आप जल्दी आ जाओ... जिजी नहीं रहीं." सकाळी अंघोळ झाली, चहा झाला, पेपर घेऊन ती खुर्चीत बसली आणि तिथंच गेली, एवढंच त्यांना सांगता आलं. कुक्षीहून धार, धारहून इंदूर, इंदूरहून देवास... तीन बसा बदलून पोचलो तोवर दुपार टळली होती. जिजी म्हणजे नलिनी, माझी थोरली मावसबहीण. आयुष्यभर अंतराळ संशोधनाच्या एका सरकारी केंद्रात तिनं काम केलं, लग्न केलं नाही, आणि नोकरी संपायच्या आधीच ती सोडून देवासला परत आली. ती का परत आली हे गावात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मला होतं.

तेराव्यानंतर तिच्यासाठी श्रद्धांजली सभा झाली. सभागृहाच्या दाराशी एका खाजगी अंतराळ कंपनीनं पाठवलेलं भलंमोठं पुष्पचक्र होतं, त्याच्या फितीवर 'आमची प्रेरणा' असं लिहिलेलं. मग एक नेते बोलायला उठले. ते म्हणाले, "दीदी ने देश के मिशन के लिए अपना यंत्र हँसते-हँसते छोड़ दिया. ऐसा त्याग..." टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून 'हे खोटं आहे' म्हणायला हवं होतं. नाही उठलो. घरी आलो आणि जेवण गेलं नाही. मी धारला हिंदी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मराठी घरात बोललो तेवढंच, इतकं लांब लिहायची सवय नाही. तरी लिहितोय, कारण त्या सभेत जे राहिलं ते कुठंतरी छापलं जायला हवं.

जिजीला गप्प बसवणं लहानपणीही कुणाला जमलं नाही. तिचे आजोबा देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या दफ्तरात कारकून होते, घरात सोवळंओवळं कडक. एका ग्रहणाच्या दिवशी आम्हा सगळ्या मुलांना खोलीत कोंडून दारंखिडक्या लावून घेतल्या होत्या. जिजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तिनं खिडकीच्या पत्र्याला खिळ्यानं भोक पाडलं आणि समोरच्या भिंतीवर सूर्याचा एक छोटा गोल येऊन पडला, एका बाजूनं खाल्लेला. आजोबा ओरडत आत आले. ही शांतपणे म्हणाली, "बाहेर जायचं नाही म्हणालात ना? मग त्यालाच आत घेतलंय." आजोबा काही वेळ भिंतीकडे पाहत राहिले, आणि मग तेही आमच्यात खाली बसले...

पुढं हाच तिचा विषय झाला. सूर्याच्या अतिनील किरणांत अगदी बारीक बारीक बदल होत असतात. त्यांचा परिणाम आपल्या वरच्या वातावरणावर होतो, उपग्रहांवर होतो. हे बदल जमिनीवरून मोजता येत नाहीत, हवा ते किरण अडवते. म्हणून वर पाठवायचं एक उपकरण ती आणि तिचे सहकारी बनवत होते. लहान बॅगेएवढी पेटी, पुढं एक भिंग. ती त्याला 'डोळा' म्हणायची. मी एकदा विचारलं होतं, "इतकी वर्षं काय करता गं त्या एका पेटीवर?" तर म्हणाली, "दिगू, सूर्याच्या चढउतारांचा एक फेरा साधारण अकरा वर्षांचा. निवडणुकीचा पाच. कंपनीचा तीन महिन्यांचा. अकरा वर्षं धीर धरणारा माणूस आम्हाला मिळत नाही, म्हणून वेळ लागतो." मी हसलो होतो. तिनं ते हसण्यासाठी सांगितलं नव्हतं.

डोळा तयार झाला. थंडीच्या, उष्णतेच्या, हादऱ्यांच्या सगळ्या चाचण्या पार पडल्या, उपग्रहावरची त्याची जागा ठरली. त्या मे महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको तिच्याकडे सुट्टीला गेलो होतो. एका संध्याकाळी ती घरी आली ती चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. वरून आदेश आला होता. राष्ट्रीय सणाच्या दिवशी अंतराळातून थेट प्रक्षेपण करायचं, उपग्रहावर झेंडा आणि मागं पृथ्वी असं चित्र घराघरांत दिसलं पाहिजे, त्यासाठी मोठा कॅमेरा बसवायचा. उरलेली थोडी जागा एका कंपनीच्या पेटीला द्यायची, तिच्याशी करार झाला होता. डोळा उतरवायचा. एवढ्यावर ती भांडली असती आणि हरली असती, ते तिला नवीन नव्हतं. पण तिच्या विभागाच्या साहेबांनी तिच्यापुढं एक कागद ठेवला होता. त्यावर लिहिलेलं होतं की उपकरण तांत्रिकदृष्ट्या तयार नसल्यामुळं मागं घेण्यात येत आहे. खाली सही तिची हवी होती.

मी तिला म्हणालो, "करून टाक सही. नोकरी राहील, पुढच्या खेपेला पाठवतील."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "दिगू, तुझ्या वर्गात मुलगी परीक्षेला समोर बसलीय. वरून सांगितलं, तिला गैरहजर लिही. लिहिशील?"

मी खरं तेच सांगितलं. "लिहीन. पोटाचा प्रश्न असतो."

ती उठली. ताटं घेतली, आम्हाला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्या कागदावर मजकूर खोडून खाली स्वतःच्या हातानं लिहिलं की उपकरण सर्व चाचण्या पूर्ण करून उड्डाणास योग्य आहे, ते उतरवण्याचा निर्णय माझा नाही, ज्यांचा आहे त्यांनी सही करावी. आणि त्याखाली सही केली. महिन्याभरात तिची बदली जुने अहवाल लावायच्या विभागात झाली. डोळा कपाटात गेला. पुढचे आठ महिने ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्याबद्दल मला तिला कधीच दोष देता आला नाही.

ते थेट प्रक्षेपण झालं. आमच्या शाळेत पडदा लावला होता. काळ्याभोर अवकाशात झेंडा, मागं निळी पृथ्वी... मुलं नाचत होती आणि माझेही डोळे भरून आले, हे लपवत नाही. त्या दिवशी मीच तिला फोन केला. म्हटलं, अबोला किती दिवस धरायचा? तिनंही पाहिलं होतं. म्हणाली, "चित्र छान आलंय रे. मलाही आवडलं. पण पाहून कळलं काय? पृथ्वी निळी आहे, हे ठाऊक होतं." मग थोडं थांबून म्हणाली, "मी झेंड्याच्या विरुद्ध नाही रे. पण देशाचं नाव काय फक्त फोटोनंच होतं का?" पुढच्याच वर्षी तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि देवासला आली.

आता त्या पुष्पचक्राची गोष्ट. इंदूरजवळ पीथमपुरात, कारखान्यांच्या वसाहतीत, ते पाठवणाऱ्या कंपनीची लहान उपग्रह बनवायची शेड आहे. जिजी परत आल्याचं कळल्यावर त्यांचा एक तरुण अधिकारी गाडी घेऊन घरी आला. मीही होतो. तिनं त्याला पोहे दिले, चहा दिला. पोरगा सज्जन होता. म्हणाला, "मॅडम, सरकार ने जगह नहीं दी, हम देते हैं. आप नया डोळा बनाइए." 'डोळा' हा शब्द त्यानं मराठीतच म्हटला, जिजी खूश झाली. ती दोनदा कामगारांच्या शिफ्टच्या बसनं पीथमपूरला जाऊन त्यांचं काम पाहून आली. मला म्हणाली, "आमच्यापेक्षा स्वच्छ काम करतात, आणि आमच्या निम्म्या वेळात." मला वाटलं, जमलं. मग अटी आल्या. उपग्रह मुळात शेतांचे आणि खाणींचे फोटो विकण्यासाठी होता. गिऱ्हाईक नसेल तेव्हाच तो सूर्याकडे वळणार, तेही चार महिने. मिळालेली माहिती कंपनीच्या मालकीची, परवानगीशिवाय कुणाला द्यायची नाही.

"चार महिन्यांत सूर्याचं काय कळणार?" जिजीनं विचारलं.

तो मनापासून म्हणाला, "मॅडम, ग्यारह साल का ग्राहक कहाँ से लाऊँ?"

तिनं नकार दिला. तो गेल्यावर मी चिडलो. म्हटलं, एकानं दार लावलं, दुसऱ्यानं किलकिलं केलं तर तू तेही लावलंस. ती म्हणाली, "त्या पोराचा काही दोष नाही. त्याला धंदा करायचाय, त्यानं करावा. पण सूर्याकडे कधी बघायचं हे तिकडं मंत्र्यानं ठरवायचं आणि इकडं गिऱ्हाइकानं, मग ज्यांना बघता येतं त्यांनी करायचं काय? हार घालायचे?" या माणसांनी तिच्या नावानं पुष्पचक्र पाठवलं तेव्हा मला हेच आठवलं.

त्यानंतर तिनं जे केलं ते सभेत कुणी सांगितलं नाही. डोळ्यातल्या ज्या भागाची कल्पना तिची स्वतःची होती, त्याची सगळी रेखाटनं तिनं रीतसर परवानगी मिळवून प्रसिद्ध केली, कुणीही वापरावीत अशी. आणि केंद्र दर वर्षी नव्या उपकरणांसाठी अर्ज मागवतं, तिथं ती दर वर्षी अर्ज पाठवू लागली. आपल्या जुन्या विभागातल्या शैलजाला बरोबर घेऊन. ही मूळची अमरावतीची, अजून केंद्रातच नोकरीत आहे. दर वर्षी अर्ज परत यायचा. 'सध्याच्या प्राधान्यक्रमात बसत नाही.' जिजी ते पत्र फाइलला लावायची आणि पुढच्या वर्षीचा अर्ज काढायची. मी एकदा म्हटलं, "देत नाहीत ते, जिजी." तर म्हणाली, "त्यांनी नाही म्हणायचं ते म्हणू देत. मागितलंच नाही म्हणून दिलं नाही, असं त्यांना म्हणता येऊ नये."

मागच्या आठवड्यात शैलजा देवासला आली. आम्ही नेमावरला जाऊन नर्मदेत जिजीच्या राखून ठेवलेल्या अस्थी सोडल्या आणि परत येऊन जिजीच्या वरच्या खोलीत बसलो. खोलीतलं मी काही हलवलेलं नाही. टेबल, टेबलावर पट्टी, तिचा चष्मा, आणि यंदाचा अर्ज. सगळा भरलेला, फक्त पहिलं पान कोरं. शैलजा जिजीच्या खुर्चीत बसली, पेन उघडलं आणि 'प्रमुख संशोधक' या रकान्यात तिनं जिजीचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली स्वतःचं.

मी म्हणालो, "अगं, गेलेल्या माणसाच्या नावानं अर्ज घेतील का? परत पाठवतील."

"पाठवू देत ना, काका," ती मान वर न करता म्हणाली. "परत पाठवायचं तर पत्रात त्यांना हे नाव लिहावं लागेल."