नळीवरचा ठिपका

नळी यंत्रात ठेवण्याआधी ताई तिच्या बाहेरच्या बाजूला काळ्या पेननं एक ठिपका काढायच्या आणि पुटपुटायच्या, "इथंच बस रे बाबा."

हे त्या नळीतल्या विषाणूला सांगायच्या. आमच्या प्रयोगशाळेत शहरातल्या नाल्यांचं आणि नळांचं पाणी तपासायला येतं. दहा लिटर पाण्यात विषाणू असलाच तर इतका विरळ, की सगळं पाणी गाळून त्याचा चमचाभर अर्क करावा लागतो. तो नळीत भरून, ठिपका बाहेरच्या बाजूला ठेवून जोरात फिरवला, की विषाणू त्याच बाजूला तळाशी बसतो. पण डोळ्यांना काही दिसत नाही. वरचं पाणी ओतताना कुठं जपायचं, ते ठिपक्यावरून कळतं.

ताई आमच्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. देवगाव रंगारीच्या बौद्ध वस्तीतून विज्ञान शिकायला शहरात आलेली पहिली मुलगी. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. डब्यातली चटणी देवगावच्या मिरचीची आहे, हे मात्र रोज सांगायच्या.

औरंगपुऱ्यात एकदा आम्ही कॅन घेऊन उभ्या होतो. रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या है इसमें?"

"नाल्याचं पाणी," ताई म्हणाल्या. रिक्षा निघून गेली.

"औषध आहे म्हणायचं ना, ताई!"

"खोटं कशापायी बोलू? दुसरी येईल की." चौथी थांबली.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांचा आधी राग येतो. मलाही यायचा.

मग शहागंजच्या एका गल्लीत कावीळ पसरली. तिथलं नळाचं पाणी माझ्याकडे आलं. प्रयोगशाळेच्या साहेबांना संध्याकाळपर्यंत निकाल हवा होता. विषाणू सापडला नाही. मी आनंदानं अहवाल टाइप केला, 'आढळला नाही', आणि सहीसाठी निघाले.

ताईंनी कागद हातातून घेतला. "आपला पाहुणा कुठं हाय?"

पाहुणा म्हणजे आम्ही प्रत्येक नमुन्यात मुद्दाम सोडतो तो निरुपद्रवी विषाणू. शेवटी तो सापडलाच पाहिजे; नाही सापडला, तर तपासणीच फसली समजायचं. माझ्या तपासणीत तोही सापडला नव्हता. ते मी पाहिलं होतं आणि यंत्राची चूक समजून सोडून दिलं होतं.

"पोरी, हे 'नाय' नव्हं. हे 'माहीत नाय' हाय. ठिपका काढला होतास?"

मी घाईत विसरले होते. सापडायचं ते सगळं मी बेसिनमध्ये ओतलं होतं. गल्लीतली माणसं हा कागद वाचून तेच पाणी प्यायली असती.

ताई रागावल्या नाहीत. त्यांच्या शिस्तीप्रमाणे निम्मं पाणी फ्रीजमध्ये राखलेलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं. "तूच कर. मी बसते इथं." मग साहेबांना सांगून आल्या, की निकालाला आणखी दोन दिवस लागतील आणि तोवर गल्लीला पाणी उकळून प्यायला आजच कळवा.

दुसऱ्यांदा पाहुणा सापडला. काविळीचा विषाणूही सापडला. नळाची लाईन गटाराशेजारी फुटली होती. ती दुरुस्त झाली. नंतरचे दोन्ही नमुने स्वच्छ निघाले, तेव्हा ताई मला घेऊन गल्लीत गेल्या. तिथल्या एक खाला, म्हणजे मावशी, घरात अजून उकळलेलंच पाणी देत होत्या. "बाजी, अब पी सकते क्या सच्ची में?" त्यांनी ताईंना विचारलं.

ताईंनी नळाखाली ग्लास धरला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. "व्हय. हिनं तपासलंय."

पहिल्या अहवालाबद्दल त्या कधी कोणाजवळ बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी ताई निवृत्त होऊन गावी गेल्या. परवा दुपारी मी फोन केला, तर घाईत होत्या. "लाइट आली, मोटार चालू केलीय. कांद्याला पाणी सोडते. मग बोलू."

फोन बंद करायचा मात्र विसरल्या. वाफ्यात पडणारं पाणी ऐकू येत होतं, मधेच त्यांचं कोणाला तरी ओरडणं. मीही फोन ठेवला नाही. बराच वेळ ऐकत बसले.