कापडाचं दुसरं टोक

हरजित गेल्याचं मला डेपोच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्या गणवेशाची शान हरपली.’ आणि मेसेज कुणाचा, तर आमच्या साहेबांचा! ज्या माणसानं त्याच गणवेशावरून हरजितचं स्टिअरिंग काढून घेतलं, त्याच्या तोंडी हे शब्द... शी! मोबाइल भिरकावून द्यावासा वाटला. महिना उलटून गेला, पण किळस काही जात नाही.

हरजित नांदेडचा शीख. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. चिंचवड-चाकण गाडीवर आम्ही बरीच वर्षं जोडीनं काढली. प्रवासी विचारायचे, “सरदारजी, चाकण जायेगी क्या?” आणि हा ठसक्यात सांगायचा, “बसा की मामा, चाकणलाच चालली!” लोक तोंडात बोट घालायचे. घरून तो निळी पगडी बांधून यायचा. ड्युटीची खाकी पगडी धुळीनं मळू नये म्हणून डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत बांधायचा. पाच-सहा मीटर कापड, ते आधी ताणून लांबीत दुमडावं लागतं, आणि त्याला दुसरा माणूस लागतो. तो माणूस मी. “ढिलं सोडू नको बबन, वाकडी बसंल,” असं रोज बजावायचा. मीही रोज मुद्दाम एकदा ढिलं सोडायचो आणि शिव्या खायचो.

मग हे साहेब बदलून आले. म्हणे, गणवेश म्हणजे टोपी, सगळ्यांना एकच. हरजित शांतपणे म्हणाला, “साहेब, पगडी खाकीच आहे, तुमच्याच गणवेशाच्या रंगाची. ही उतरवून टोपी नाई घालणार मी.” आठवड्याभरात त्याची रवानगी गाड्या धुवायला. वर चौकशी लावली, आणि साक्षीदार म्हणून मला बोलावलं. कागद तयारच होता : हरजित गणवेशाविना गाडी चालवतो, हे मी समक्ष पाहिलं आहे. “सही करा, नाहीतर तुम्हीही जा पाइप धरायला.” मी केली सही. पोरींची लग्नं व्हायची आहेत, घर चाकणच्या वाटेवर कुरुळीत, हीच गाडी सोयीची... स्वतःला बरीच कारणं सांगितली. सगळी फालतू.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेलो, तर हरजितनं कापडाचं टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं. गाड्या धुवायलासुद्धा तो खाकी पगडीच बांधून जायचा. मी सवयीनं हात पुढे केला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “राहू दे. गज सोडत नाई.” त्यानंतर शेवटपर्यंत त्यानं मला हाक मारली नाही. हार्ट अटॅकनं गेला तोवर धुण्याच्या रॅम्पवरच होता.

गुरुद्वारात हरजितच्या अरदासला, शेवटच्या प्रार्थनेला, साहेब आले. दारातच मला गाठून म्हणाले, “बबनराव, एखादा रुमाल आहे का? इथे डोकं झाकावं लागतं म्हणे.” बघा निर्लज्जपणा! आणि त्याहून मोठा निर्लज्ज मी, कारण माझ्या डोक्याला एक होताच, खिशातला दुसरा रुमाल काढून मी दिला. तो डोक्याला बांधून साहेब माइकवर हरजितच्या धर्मनिष्ठेबद्दल बोलले. मी पुढच्या रांगेत मान खाली घालून ऐकत बसलो.

खोलीतल्या त्या गजाचा रंग एका जागी पार उडालाय, तिथे अजून एक खाकी धागा अडकलेला आहे. परवा कोणी नसताना मी तो गज मुठीत धरून उभा राहिलो. धरायला काय लागतं हो? नुसतं सोडायचं नाही. माझ्यानं तेवढंही झालं नाही.